झिरो केलेली रायफल दर खेपेला का सरकते? सॅव्हेज ॲक्सिस आणि तिच्या प्लॅस्टिकच्या दस्त्याचं दुखणं

तक्रार दर वर्षी तीच येते. ऑक्टोबरात रेंजवर जाऊन स्कोप झिरो केला, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी रायफलीवरची दुर्बीण जुळवली, शंभर यार्डांवर तीन गोळ्या सव्वा इंचात बसल्या, माणूस खुशीत घरी आला. पंधरा दिवसांनी तीच रायफल, तीच काडतुसं, आणि गोळ्या अडीच-तीन इंच वर, डावीकडे. मग क्लिक, म्हणजे स्कोपच्या बटणांचे खटके मोजून स्कोप फिरवायचा, पुन्हा झिरो करायचं. सीझनच्या आदल्या आठवड्यात बघावं तर नेम तिसरीकडेच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा बंदुकीचा हरण-सीझन नऊ दिवसांचा, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा. तेवढ्यात हा घोळ निस्तरत नाही, आणि शेवटी निष्कर्ष निघतो, ‘स्वस्तात घेतली, नळीच खराब निघाली.’

नळी खराब असण्याची शक्यता सगळ्यांत कमी. या रायफलीत कंपनीने पैसा नळीवर आणि बोल्टवर, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्यावर घातलाय, काटकसर केलीय ती दस्त्यात (हातात धरायच्या आणि खांद्याला टेकवायच्या भागात) आणि चापात. दोष शोधायचा तो काटकसर झालीय तिथे. स्कोपच्या बटणांना हात लावणं हे सगळ्यांत शेवटचं काम, आणि लोक नेमकं तेच आधी करतात.

मी सॅव्हेज ॲक्सिस डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय, कारण माझ्या ओळखीतल्या ज्या मराठी मंडळींनी इकडे पहिली रायफल घेतली, त्यांतल्या बहुतेकांकडे हीच आहे. रुगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रियट, रेमिंग्टन ७८३ या त्याच पंक्तीतल्या रायफलींनाही यातलं बरंचसं लागू पडतं. स्क्रूंच्या जागा तेवढ्या वेगळ्या असतील.

एच-वन-बी किंवा तत्सम तात्पुरत्या (नॉन-इमिग्रंट) व्हिसावर असाल तर पुढे वाचण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. अमेरिकेचा संघीय कायदा नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई करतो. राज्याने दिलेलं, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स असणं ही त्यातली मुख्य सूट. मित्राची रायफल रेंजवर सहज हातात घेणं हेसुद्धा ‘बाळगणं’ धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. शंका असेल तर वकिलाला विचारा, ऑफिसातल्या मित्राला नको. आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा हे सगळं लिखाण इकडच्या मंडळींसाठीच.

काटकसर कुठे झाली

थोडा इतिहास सांगतो, कारण दुखणं कुठे असणार हे त्यातूनच कळतं.

आर्थर सॅव्हेज १८५७ साली जमैकातल्या किंग्स्टनला जन्मला. न्यू यॉर्क राज्यातल्या युटिका गावी १८९४ मध्ये त्याने कंपनी काढली आणि नाव कमावलं ते मॉडेल ९९ या लिव्हरवर चालणाऱ्या रायफलीने. तिचा हॅमर आत लपलेला, मॅगझिन गोल फिरणारं, आणि आत किती काडतुसं उरली ते दाखवणारी बारीकशी खिडकी बाजूला. तो काही स्वस्तातला माल नव्हता. सॅव्हेज स्वतः पुढे कॅलिफोर्नियात जाऊन टायरच्या धंद्यात पडला. कंपनीने १९२० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सची स्टीव्हन्स ही कंपनी विकत घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात तिथल्या कारखान्यातून ब्रिटिशांसाठी दहा लाखांहून जास्त ली-एनफील्ड नंबर ४ रायफली बनून गेल्या. आपल्याकडे हवालदाराच्या खांद्यावर ‘थ्री नॉट थ्री’ बघत आपण मोठे झालो, ती याच घराण्यातली. फरक इतकाच, की आपली बहुतेक बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली आणि जुन्या मॉडेलची.

मग आलं १९५८. निकोलस ब्रूवर या सॅव्हेजच्या इंजिनिअरने ११० ही बोल्ट रायफल आखली. त्या काळात शिकारीची चांगली बोल्ट रायफल म्हटलं की विंचेस्टर ७० समोर यायची, आणि ती सगळ्यांच्या खिशाला झेपत नव्हती. ११० ची किंमत सुमारे ११० डॉलर होती, नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. पुढच्याच वर्षी डावखुऱ्यांसाठीही ती निघाली. डावखुऱ्या शिकाऱ्याला तोवर उजव्या हाताच्या बोल्टशी झटापट करत बसावं लागायचं, त्यामुळे ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नव्हती.

किंमत खाली आली ती ब्रूवरच्या दोन युक्त्यांमुळे. पहिली युक्ती नळीच्या नटाची. नळी रिसिव्हरमध्ये, म्हणजे नळी आणि बोल्ट धरणाऱ्या मधल्या सांगाड्यात किती आत बसते यावर हेडस्पेस ठरतो, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) टेकलेलं काडतूस यांच्यातली मोकळीक. एरवी नळीला खांदा कापून तो इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक घासावा लागतो, आणि ते काम कसबी माणसाचं, वेळखाऊ. ब्रूवरने नळीवर नुसते आटे पाडले. चेंबरमध्ये ठरावीक मापाचा गेज घालायचा, बोल्ट बंद करायचा, नळी गेजला टेकेपर्यंत फिरवायची आणि मागून नट आवळून टाकायचा. काम झटपट होतं आणि मोकळीक हवी तेवढीच राहते. दुसरी युक्ती बोल्टच्या डोक्याची. हे डोकं वेगळा तुकडा असतं, पिनेने अडकवलेलं, किंचित हलणारं. गोळी सुटताना दाब आला की दोन्ही लग (बोल्ट अडकवून धरणारे दात) आपापली जागा शोधून सारखे टेकतात. दुसऱ्या रायफलीत हेच साधायला लग हाताने घासून बसवावे लागतात.

या दोन्ही गोष्टी खर्च वाचवायला केल्या आणि त्यांतून रायफल आणखी नेमकी झाली. असं फार थोड्या वेळा घडतं.

१९८८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. नवीन प्रमुख रॉन कोबर्न यांनी बाकीची मॉडेलं बाजूला ठेवून ११० वरच सगळा भर दिला आणि कंपनी उभी राहिली. २००२ च्या अखेरीस ॲक्युट्रिगर आला, म्हणजे मधोमध पातं असलेला, गिऱ्हाइकाला स्वतः हलका करता येणारा चाप. २०१३ मध्ये एटीके या कंपनीने सॅव्हेजला तिच्या पालक कंपनीसह ३१ कोटी ५० लाख डॉलरला घेतलं. २०१५ मध्ये ती व्हिस्टा आउटडोअरकडे गेली आणि २०१९ मध्ये तिच्याच व्यवस्थापकांच्या गटाने १७ कोटी डॉलरला सोडवली. सहा वर्षांत जवळजवळ निम्म्या भावात.

ॲक्सिस आली ती २०१० च्या सुमारास, आधी एज या नावाने. ११० स्वस्त होती, ही तिच्याहून स्वस्त करायची होती. नळीचा नट आणि हलतं डोकं तसंच ठेवलं. नळीतही हात आखडता घेतला नाही. मग कात्री कुठे लागली? दस्ता पोकळ प्लॅस्टिकचा झाला आणि चापाची कडी त्याच साच्यात ओतली गेली. पहिल्या मॉडेलचा चाप साधा आणि जड राहिला. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे गोळीचा दणका झेलणारा रिकॉइल लग. ११० मध्ये हा पोलादी तुकडा नळीचा नट आणि रिसिव्हर यांच्यामध्ये घट्ट धरलेला असतो. ॲक्सिसमध्ये तो दस्त्यात बसवलेला आहे आणि रिसिव्हरच्या पोटाला त्याच्यासाठी खाच आहे. प्रत्येक गोळीचा दणका त्या खाचेतून लगवर आणि लगवरून प्लॅस्टिकवर जातो. तिथे जराशी हालचाल झाली की नेम हलला.

आधी कागद वाचा

रेंजवर पाच गोळ्या एकाच बिंदूवर नेम धरून मारा, मधे नळी थंड होऊ द्या, आणि प्रत्येक भोकाला क्रमांक द्या. लांबून भोकं दाखवणारी दुर्बीण (स्पॉटिंग स्कोप) नसेल तर चालत जाऊन बघा. क्रमांक नसलेला कागद काहीच सांगत नाही.

गोळ्या दोन वेगळ्या घोळक्यांत पडत असतील, दोन इथे आणि तीन दोन इंचांवर, तर काहीतरी दोन जागांमध्ये डुलतंय. दस्त्याचे स्क्रू किंवा स्कोपचा पाया बघा. पहिली गोळी जागेवर आणि पुढची प्रत्येक त्याच दिशेने थोडी थोडी सरकत गेली, तर तापलेली नळी कुठेतरी टेकतेय. उभ्या रांगेत पसरल्या, तर दस्त्याचा पुढचा भाग किंवा पिशवीवर ठेवायची पद्धत बघा, नाहीतर काडतुसांचा वेग एकसारखा नाही. आडव्या पसरल्या तर वारा, नाहीतर चाप ओढणारं बोट. आणि गोल, सारखा पण तीन इंचांचा ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा घोळका आला तर आधी काडतूस बदला.

एका गोळीवरून स्कोप कधीच फिरवू नका. दीड इंचाचा ग्रुप देणारी रायफल एखादी गोळी मध्यापासून पाऊण इंच बाजूला टाकणारच. तिच्यामागे क्लिक फिरवत बसलात तर झिरो सरकवणारे तुम्हीच. बहुतेक स्कोपांची एक क्लिक म्हणजे शंभर यार्डांवर साधारण पाव इंच, तेव्हा तीन क्लिकांत चांगला झिरो बिघडतो.

दस्त्याचे स्क्रू

रायफल रिकामी करा. मॅगझिन काढा, बोल्ट बाहेर काढून बाजूला ठेवा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळीने चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. पुढचं प्रत्येक काम सुरू करताना हे पुन्हा करायचं, ‘मघाशी बघितलं होतं’ चालत नाही.

रिसिव्हर दस्त्याला खालून दोन स्क्रूंनी धरलेला असतो. प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू बसतं. दुकानातून आणताना घट्ट असलेला स्क्रू महिन्या-दोन महिन्यांत, थोड्या गोळ्या झाल्यावर, हाताने सैल लागतो. बोटांच्या अंदाजाने आवळणं इथे उपयोगाचं नाही. दर वेळी तुम्ही वेगळ्या जोराने आवळता आणि दर वेळी रायफल वेगळीकडे मारते. ‘स्क्रू तर मी आवळले होते’ म्हणणाऱ्यांची रायफल नेमकी याच कारणाने सरकत असते.

इंच-पौंडाचा टॉर्क ड्रायव्हर, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पेचकस घ्या. गाडीच्या चाकांसाठी असतो तो फूट-पौंडाचा, त्याने हे स्क्रू तुटतील. आकडा तुमच्या पुस्तिकेत असेल तो धरा. प्लॅस्टिकच्या दस्त्यांना साधारण ३० ते ३५ इंच-पौंड चालतं, म्हणजे मेट्रिक मापात सुमारे साडेतीन ते चार न्यूटन-मीटर.

आवळण्याची पद्धत आकड्याइतकीच महत्त्वाची. दोन्ही स्क्रू सैल करा, काढू नका. रायफल उभी धरा, बट (खांद्याला टेकणारं टोक) जमिनीवर, नळी छताकडे. तळवा नळीवरून खाली दाबा आणि बट दोन-तीनदा हलकेच आपटा. ॲक्शन, म्हणजे रिसिव्हर आणि त्याला जोडलेले भाग, आपल्या वजनाने मागे सरकते आणि खाच लगला टेकते. गोळी सुटल्यावर ती जिथे जाणार तिथे आधीच नेऊन बसवायची, एवढाच यातला हेतू. तशीच उभी धरून पुढचा स्क्रू बोटाने, मग मागचा बोटाने. मग पुढचा निम्म्या ताणावर, मागचा निम्म्यावर, मग पुढचा पूर्ण, मागचा पूर्ण. आडवी ठेवून आवळलीत तर लग आणि खाच यांच्यामध्ये केसभर फट राहू शकते, ती पहिल्या दोन-तीन गोळ्यांत बुजते आणि तेवढ्यात झिरो हलून जातो.

आवळल्यावर एक खूण करा. स्क्रूच्या डोक्यावरून दस्त्यावर येईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ. पुढच्या खेपेला रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू हलला हे न मोजता कळेल. बायकोची महागाची बाटली घेऊ नका, दुसऱ्या तक्रारीचं निवारण माझ्याकडे नाही.

चांगल्या नेमबाजांना हे वेगळं सांगावं लागत नाही. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवणारे कोल्हापूरकडचे स्वप्निल कुसाळे ज्या प्रकारात खेळतात, तिथे दस्त्याचा स्क्रू टॉर्क ड्रायव्हरशिवाय कोणी आवळत नाही. आपली रायफल तिथल्या रायफलीच्या किमतीच्या आसपासही नाही, पण स्क्रूला किंमत कळत नाही.

पुढचा दस्ता नळीला टेकतोय का

ॲक्सिसचं खरं दुखणं हे. कागदावर नळी मोकळी आहे, म्हणजे रिसिव्हरच्या पुढे दस्त्याला कुठेच टेकत नाही. डॉलरची नोट नळीखालून घाला, रिसिव्हरपर्यंत सरकत जाते. लोक ही परीक्षा घेतात, पास झाली म्हणून सोडून देतात, आणि फसतात. रायफल मांडीवर असताना नळी मोकळी असतेच. गोळी मात्र मांडीवरून सुटत नाही.

तेव्हा नोट नळीखाली तशीच ठेवा आणि रायफल नेहमी टेकवता तशी वाळूच्या पिशवीवर टेकवा. बायपॉड (पुढे लावायचा दोन पायांचा टेकू) असेल तर बायपॉडवर, त्यावर नेहमीसारखं रेलून. पट्टा कोपराला गुंडाळत असाल तर गुंडाळून ओढा. आता दुसऱ्या माणसाला नोट सरकवायला सांगा. अडकली तर रोग सापडला. माणूस नसेल तर पुढच्या टोकाला अंगठा आणि बोटाच्या चिमटीत नळी आणि दस्ता धरून दाबा. पोकळ दस्ता चिमटीत वाकतो आणि नळीला लागतो, तेव्हा बारीक ‘टक’ असा आवाज येतो.

या टेकण्याने नळी दर वेळी वेगळ्या दिशेला ढकलली जाते. पिशवी पुढच्या टोकाखाली असली तर एक, मॅगझिनजवळ असली तर दुसरं, बायपॉड लावला तर तिसरं. ऑक्टोबरात बेंचवर झिरो केलेली रायफल नोव्हेंबरात झाडावरच्या मचाणाच्या कठड्यावर टेकवली की सरकते, ते यामुळेच. रायफल तीच, टेकू बदलला.

तात्पुरता उपाय फुकट आहे. पिशवी शक्य तितकी मागे, मॅगझिनच्या जरा पुढे घ्या, आणि शिकारीतही तिथेच टेकवायची सवय लावा. बायपॉड काढून ठेवा.

कायमचा उपाय दोन प्रकारे होतो. एक, नळीची खोबण घासून रुंद करायची. जाड नळकांड्याला खरखरीत सँडपेपर गुंडाळून दोन्ही बाजू सारख्या घासा, दाबल्यावरही दुमडलेली नोट जाईल इतक्या. एवढ्याने बऱ्याच जणांचं काम होतं. दोन, दस्त्याचा पुढचा भाग कडक करायचा. दस्ता सुटा केलात की पुढच्या भागात आडव्या-उभ्या भिंतींचे कप्पे दिसतील. ते कप्पे एपॉक्सीने भरायचे. पण नुसतं ओतलेलं एपॉक्सी या प्लॅस्टिकला नीट चिकटत नाही, काही महिन्यांत आख्खा ठोकळा सुटून आत खुळखुळतो. म्हणून आतून ८० नंबरच्या सँडपेपरने खरवडा, अल्कोहोलने पुसा, आणि कप्प्यांच्या मधल्या भिंतींना बारीक भोकं पाडा. एपॉक्सी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊन गोठलं की चिकटो न चिकटो, निघत नाही. भोकं जरा मोठी पाडून त्यांतून कार्बनच्या जुन्या बाणाची कांडी लांबीने आरपार ओवली तर आणखी कडक.

एकदम सगळं ओतू नका. एपॉक्सी गोठताना तापतं, जाड थर इतका तापतो की दस्त्याला बाक येतो. निम्मं ओता, थंड आणि घट्ट होऊ द्या, मग उरलेलं. लगची जागा आणि स्क्रूची भोकं आधी टेपने बुजवा. नळीच्या खोबणीच्या वर काही येऊ देऊ नका. रायफल जरा पुढून जड होते, त्याची सवय होते.

एवढी खटपट नको असेल तर लाकडाच्या पातळ थरांचा, लॅमिनेटचा दस्ता विकत मिळतो. दक्षिण डकोटातल्या मिचेल गावची बॉयड्स कंपनी ॲक्सिससाठी बनवते. दस्ता बदलला की टॉर्कचा आकडाही बदलतो, नव्या दस्त्याच्या कागदावरचा धरा. माझं मत विचाराल तर आधी सँडपेपर, मग एपॉक्सी, आणि ही रायफल तुम्ही पुढेही ठेवणार असाल तरच नवा दस्ता.

स्कोप, आणि त्याच्याखाली लपलेला स्क्रू

स्कोपसकट मिळणाऱ्या रायफलीचा स्कोप घाईत बसवलेला असू शकतो, हे धरूनच चाला. स्कोप धरणाऱ्या वरच्या कड्या सगळे तपासतात. त्यांच्याखाली रिसिव्हरला धरलेला जो पाया असतो त्याचे स्क्रू स्कोप काढल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून ते कोणी बघत नाही.

विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेकडच्या एका नागपूरकर मित्राची रायफल दोन घोळक्यांत मारत होती. दस्ता ठीक, कड्या ठीक. स्कोप उतरवला आणि पुढच्या पायाचे स्क्रू तपासले तर ते गच्च घट्ट. पाया मात्र बोटाने ढकलला की सरकत होता. कारण स्क्रू काढल्यावर दिसलं. त्यातल्या एकाचं टोक चपटं आणि चकचकीत झालेलं. पायाचे स्क्रू कमीजास्त लांबीचे येतात, आणि बसवणाऱ्या दुकानदाराने लांब स्क्रू पुढे लावला होता. पुढच्या भोकाच्या तळाशी नळीचे आटे असतात. स्क्रू त्यांना जाऊन टेकला, हाताला घट्ट लागला, पण पायाला दाबतच नव्हता. पायाच्या पोटावर काळ्या रंगात एक चकाकती रेघ उमटली होती, दर गोळीला घासून घासून. आखूड स्क्रू घातला, स्क्रू सैल होऊ न देणारं निळं थ्रेडलॉकर लावलं, विषय संपला.

तेव्हा स्क्रू काढा, टोकं बघा, लांबी शेजारी ठेवून ताडा. आटे तेल-विरहित करून, पुस्तिकेतल्या आकड्याने आवळा. कड्यांचे वरचे स्क्रू फार ताणू नका, १५ ते १८ इंच-पौंड साधारण पुरतात, नाहीतर स्कोपची नळी चेपते आणि नवंच दुखणं सुरू होतं. इतकं करूनही शंका राहिली तर मित्राच्या रायफलीवरचा खात्रीचा स्कोप मागून लावा आणि पाच गोळ्या मारा. स्कोपचा निकाल लावायला याहून सोपी रीत नाही.

उरलेलं थोडक्यात

शिकारीच्या रायफलीची नळी बारीक असते, लवकर तापते. तीन गोळ्या, मग हाताला गार लागेपर्यंत थांबा. काडतुसांची निदान दोन-तीन वेगळी बनावट वापरून बघा, एकाच वजनाच्या गोळीतसुद्धा एका कंपनीचं काडतूस एक इंचात आणि दुसरीचं अडीच इंचात बसतं, आणि त्याचा किमतीशी संबंध असतोच असं नाही. जमलं ते काडतूस सीझनपुरतं एकदमच घ्या. नळी धुवून काढल्यावरची पहिली गोळी बऱ्याचदा वेगळी जाते, म्हणून झिरो केल्यावर सीझन संपेपर्यंत आतून घासू नका.

जुन्या ॲक्सिसचा चाप जड आहे, आणि जड चाप ओढताना रायफल हलते. इंटरनेटवर स्प्रिंग कापून तो हलका करण्याचे व्हिडिओ पाहायला मिळतील. ते करू नका. चाप इतका हलका होऊ शकतो की बोल्ट जोराने बंद केला तरी गोळी सुटेल. तयार, तपासलेला चाप विकत मिळतो, किंवा ॲक्युट्रिगरची ॲक्सिस टू घ्या. तोवर घरी रिकाम्या रायफलीवर सराव करा, भिंतीवर ठिपका काढून.

थंडीत ‘टक’ होतं, गोळी सुटत नाही

ही दुसरी नेहमीची तक्रार, आणि ती घरी कधीच होत नाही. उणे दहा-पंधरा सेल्सियसमध्ये तास-दोन तास बसून राहिल्यावर होते. बोल्टच्या आत कारखान्यातलं गंजरोधक तेल असतं, वरून आपण आणखी घालतो. ते थंडीत मधासारखं घट्ट होतं आणि काडतुसाच्या बुडावर ठोकणारी फायरिंग पिन जोरात धावत नाही. काडतुसाच्या टिकलीवर, म्हणजे बुडाशी असलेल्या पेटवणाऱ्या टोपीवर, उथळ खड्डा दिसतो.

चाप ओढूनही गोळी सुटली नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा. क्वचित काडतूस उशिरा पेटतं. मग बोल्ट उघडा, आणि ते काडतूस पुन्हा वापरू नका.

उपाय म्हणजे बोल्ट आतून धुणं. गन क्लीनरने सगळं चिकट तेल काढा, पूर्ण वाळू द्या, आणि मग थंडीसाठीचं अगदी पातळ तेल थेंबभर किंवा कोरडं वंगण. बोल्ट खोलायची सवय नसेल तर गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, दहा मिनिटांचं काम आहे. आणि शिकारीहून आल्यावर रायफल थेट गरम दिवाणखान्यात आणू नका. गार पोलादावर दव धरतं, चापात पाणी उतरतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तेच गोठतं. केसमध्ये बंद ठेवून गॅरेजमध्ये कुलपात राहू द्या.

उथळ खड्डा उबदार हवेतही पडत असेल तर गोष्ट वेगळी. झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसतंय का बघा. दिसलं तर हेडस्पेस वाढला असण्याची शक्यता आहे, त्या रायफलीने एकही गोळी मारू नका. सॅव्हेजचा नट घरी सोडता येतो हे खरं, आणि पाना मिळतो म्हणून बरेच जण सोडतातही. पण हेडस्पेस तपासणारे गो आणि नो-गो गेज हातात नसताना तो नट सोडणं म्हणजे चेहऱ्यापासून चार इंचांवर जुगार.

गनस्मिथकडे जाताना स्कोप काढून नेऊ नका, त्याला रायफल जशी मारते तशी बघायची असते. सोबत क्रमांक घातलेला कागद, काडतुसांच्या खोक्यावरची पट्टी, झाडलेल्या पाच-सहा पुंगळ्या आणि तुम्ही स्क्रू किती इंच-पौंडांवर आवळले तो आकडा न्या. कंपनीकडे वॉरंटीत पाठवायची असेल तर मालकाला ती दुरुस्तीसाठी थेट पाठवता येते आणि ती तशीच थेट परतही येते, मधे दुकानदार लागत नाही. फक्त आधी फोन करून परवानगीचा क्रमांक घ्या, आणि दस्त्यात एपॉक्सी भरलं असेल तर तसं स्पष्ट लिहा.